पाय जळतात, मग चालू कसा?

मधुमेह जुना झालेल्यांकडून एक तक्रार सारखी ऐकू येते. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरूण टेकलेलंही सोसत नाही. पाठोपाठ प्रश्न असतो, ‘चाललो तर नसा आणखी खराब होतील ना?’

याच भीतीने एका निवृत्त गृहस्थांनी चालणं बंद केलं होतं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सिगारेट मात्र सुरू होती. दुखणं विसरायला, म्हणे! सुरुवातीच्या भेटींत मी त्यांना नुसतं बोलू दिलं. दुखणाऱ्या माणसाला सल्ले भरपूर मिळालेले असतात, ऐकणारं कोणी भेटलेलं नसतं. मग विचारलं,

“बसून काढलेल्या दिवशी आग कमी होते?”

“होतच असणार.”

“पाहिलंय तसं?”

“...तसं नाही पाहिलं.”

चालणं, सिगारेट, झोप आणि आग, एवढंच रोज वहीत लिहायचं ठरलं. डॉक्टरांकडून पाय तपासून घेऊन त्यांनी थोडं थोडं चालायला सुरुवात केली. पुढे एकदा वही माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “मॅडम, बसलो तरी तेवढंच जळतं. झोप मोडली की मात्र जास्त.” आणि चिडून, “म्हणजे इतके महिने मी उगाच बसून राहिलो?”

त्या चिडण्याने मला बरं वाटलं. माणसाची समजूत वादाने बदलत नाही, त्याच्याच हातच्या नोंदींनी बदलते, असं मी मानते. एरवी दुखणं म्हणजे ‘थांब’ असा इशारा. इथे मधुमेहाने नसा (मज्जातंतू) दुखावल्याने धोक्याची घंटाच बिघडलेली असते. ती वाजली म्हणजे दर वेळी नवी इजा झालीच, असं नाही.

पायाला जखम असेल तर चालणं थांबवा, खुर्चीत बसून व्यायाम करा. नसेल तर मापाचे, मऊ बूट घालून चाला, अनवाणी नको. तळवे रोज बघा. शेक घेऊ नका, बधिर पायाला चटका कळत नाही. धूम्रपानाने पायांचा रक्तपुरवठा घटतो, म्हणून ते सोडाच. साखर आटोक्यात हवी, पण घाईने नको. ती फार झपाट्याने उतरवली तर काहींच्या वेदना काही काळ उलट भडकतात. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात साखरेवर काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्या टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही) रुग्णांमध्ये नसांचा हा त्रास सुमारे ६० टक्क्यांनी कमी उद्भवला. टाइप २ मध्ये, म्हणजे मोठ्यांमध्ये सहसा आढळणाऱ्या मधुमेहात, फायदा इतका ठळक नसतो. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ जीवनसत्त्वाची तपासणी डॉक्टरांना विचारून करा; त्याच्या कमतरतेनेही मुंग्या येतात.

त्या गृहस्थांची आग पूर्ण गेली नाही. झोप सुधारली, सिगारेट सुटली, तीही दोनदा परत सुरू होऊन. आणि तुमची आग एखाद्या दिवशी आपोआप थांबली, तर आनंद मानण्याआधी तळव्याला स्पर्श कळतो का, की तो बधिर झालाय, ते डॉक्टरांकडून तपासून घ्या.