गेमिंग साउंड कार्डावर अहिराणी गाणं रेकॉर्ड करायचंय?

भाऊ, कार्ड विकू नको, पण गाण्यासाठी त्याच्यावर विसंबूही नको. ते खेळताना ऐकायला बनलंय. त्याचा माइकचा जॅक हेडसेटच्या बारीक पिनचा. स्टुडिओच्या कंडेन्सर माइकला (विजेवर चालणाऱ्या संवेदनशील माइकला) लागणारी ४८ व्होल्टची वीज तिथून सहसा मिळत नाही. पैसे जमले की दोन इनपुटचा साधा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायची छोटी पेटी, घे.

तोवर कार्डावरच खुशाल सराव कर. फक्त सराउंड, बास बूस्ट असले आवाज बदलणारे इफेक्ट सगळे बंद ठेव, नवखे इथंच फसतात. गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची पातळी, तीही चढवू नको. मोठ्यात मोठा सूर रेकॉर्डिंगच्या मीटरवर उणे १० डीबीच्या (डेसिबलच्या) खालीच राहू दे. फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

आणि कूलर! जळगावच्या मे महिन्यातही रेकॉर्डिंगला तो बंदच हवा. मी पहाटे पाचला, भिंतीला गोधड्या टांगून ओव्या रेकॉर्ड करतो.