सुईच्या टोकाखाली काय आहे, ते शिकवा

प्रश्न : मी सोलापूरची. फिजिओथेरपीत पदव्युत्तर शिक्षण झालं, चार वर्षं प्रॅक्टिस करते. एका अ‍ॅक्युपंक्चर संस्थेनं आठवड्यातून तीन दिवस अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी शिकवायला बोलावलं आहे. शिकवायची फार आवड आहे, पण ‘ची’ (शरीरात वाहते असं मानलेली ऊर्जा) आणि मेरिडियन (तिचे मार्ग) मला पटत नाहीत. तिथे शिकवणं अप्रामाणिकपणाचं होईल का? पुढच्या करिअरला याचा उपयोग होईल का?

उत्तर : तुम्हाला मेरिडियन शिकवायला बोलावलेलंच नाही. सुईच्या टोकाखाली काय आहे हे शिकवायला बोलावलं आहे, आणि ते काम अतिशय मोलाचं आहे.

जीबी 21 हा सुई लावायचा बिंदू घ्या. मान आणि खांद्याच्या टोकाच्या मधोमध, ट्रॅपिझियस या स्नायूवर. मान आखडलेला पेशंट आला की तुमचे विद्यार्थी तिथे सुई लावणार. त्याच्या खाली फुफ्फुसाचं वरचं टोक आहे. छाती-पाठीच्या काही भागांत फुफ्फुस त्वचेपासून जेमतेम 10 ते 20 मिलिमीटरवर असतं. बारीक अंगाच्या माणसात सुई सरळ आणि खोल गेली तर न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुफ्फुसाभोवती हवा शिरून ते आकसणं, होऊ शकतो. छातीच्या मध्यावरचा सीव्ही 17 हा बिंदू आणखी फसवा आहे. काहींच्या उरोस्थीत जन्मतःच भोक असतं, ते बोटाला लागत नाही, आणि त्यातून सुई हृदयापर्यंत गेल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. तिथे सुई आडवी का लावायची, हे ज्याला छातीची रचना कळली तोच जन्मभर विसरणार नाही.

सर्वांत जास्त गोंधळ शब्दांचा होतो. चिनी पद्धतीत ‘स्प्लीन’ म्हणजे मुख्यतः पचनाचं काम. तुम्ही शिकवाल ती प्लीहा म्हणजे जुन्या तांबड्या पेशी गाळणारा, प्रतिकारशक्तीला हातभार लावणारा अवयव. उद्या विद्यार्थ्यानं पेशंटला ‘तुमची स्प्लीन कमजोर आहे’ असं सांगितलं, तर तो बिचारा धास्तावून सोनोग्राफीला पळेल. ही दोन नावं एकच गोष्ट सांगत नाहीत, हे पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहा. ‘ची म्हणजेच नर्व्ह इम्पल्स’ अशी ओढूनताणून जुळवाजुळव मात्र करू नका. विद्यार्थ्यांना ती आवडते, पण तीच खरी अप्रामाणिक. कुणी विचारलंच, तर मला हे पटत नाही, असं शांतपणे सांगा. त्यांच्या शिक्षकांची थट्टा मात्र वर्गात कधीही नको.

शिवाय, सुई कधी लावायची नाही? कंबरदुखीसोबत जांघेत बधिरपणा आणि लघवी अडलेली असेल, तर तो पेशंट त्याच तासाला हॉस्पिटलात गेला पाहिजे. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू आहे का, वजन कारण नसताना उतरतंय का, हे विचारायची सवय तुमच्यासारखी रोज पेशंट बघणारी व्यक्तीच लावू शकते.

तुम्ही सोलापूरच्या, म्हणून एक आठवण. तुमच्याच गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांसोबत 1938 मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकात डॉ. विजयकुमार बसू होते. आधुनिक वैद्यक शिकलेल्या या डॉक्टरांनीच पुढे अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते कोलकात्यात आणलं. म्हणजे आपल्याकडे या विद्येच्या सुरुवातीलाच अ‍ॅनाटॉमी जाणणारा माणूस होता.

आता व्यवहाराचं. केंद्र सरकारनं 2019 मध्ये अ‍ॅक्युपंक्चरला स्वतंत्र चिकित्सापद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे. संस्थेची तिथली मान्यता कागदावर बघा, तोंडी शब्दावर जाऊ नका. नेमणूकपत्र घ्या. हा अनुभव फिजिओथेरपी कॉलेजात अध्यापनाचा म्हणून धरला जाईल असं गृहीत धरू नका. तिकडे जायचा विचार असेल तर त्या कॉलेजांत आधीच विचारून घ्या. प्रॅक्टिस अजिबात सोडू नका. उरलेले तीन दिवस तुमचे पेशंटच तुम्हाला शिकवायला उदाहरणं देतील.

होकार देण्यापूर्वी संस्थेची प्रयोगशाळा बघून या. पूर्ण सांगाडा आहे का, धड उघडून आतले अवयव दाखवणारं मॉडेल आहे का? नसेल, तर पगाराचं बोलण्याआधी ते मागा.