फेरेट घेऊन पहिल्यांदा निघताना

इंग्लंडात राहतोस, म्हणून फेरेटने ससे धरण्याबद्दल हा सल्ला. फेरेट म्हणजे मुंगसासारखा लांबट पाळीव प्राणी; तो बिळात शिरून सशांना बाहेर जाळीत हुसकावतो. आपल्याकडे सशाची शिकार कायद्याने बंद आहे, शिवाय आपला ससा बिळात राहतच नाही. इथला ससा, म्हणजे रॅबिट, मात्र जमीन पोखरून वस्ती करतो.

आधी शेतमालकाची परवानगी घे, लेखी असली तर उत्तम. पाला झडून बिळांची तोंडं दिसू लागल्यावर, म्हणजे हिवाळ्यात जा. सुरुवातीला आठ-दहा तोंडांचीच वस्ती निवड. मोठ्या वस्तीचा मोह मलाही झाला होता. आत राहिलेल्या फेरेटसाठी संध्याकाळी टॉर्च लावून खणत बसलो होतो!

वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, पाय न आपटता जा. गप्पा गाडीतच संपव. प्रत्येक तोंडावर जाळी सैल पसर, खुंटी घट्ट रोव. झुडपात दडलेलं एखादं तोंड हमखास सुटतं आणि ससा नेमका तिथूनच निसटतो. दोन-तीन जाळ्या खिशात असू देत.

मादी फेरेट लहान असते, तीच सोड. तिला उपाशी ठेवू नकोस. भुकेली असली तर आतच ससा मारून खात बसते. तिच्या गळ्यातल्या लोकेटरच्या पट्ट्याची (ती जमिनीखाली कुठे आहे ते यानेच कळतं) बॅटरी घरीच तपास. फेरेट बाहेर डोकावली की झडप घालू नकोस, पूर्ण बाहेर येऊ दे, नाहीतर पुढच्या वेळी तोंडाशीच घुटमळेल.

जाळीत अडकलेला ससा क्षणात मारता आला पाहिजे. हे मात्र जाणत्या माणसाच्या शेजारी उभं राहूनच शीक.