‘साउथ ईस्ट व्ह्यू’ म्हणजे आग्नेयेकडे की आग्नेयेकडून?

प्रश्न असा आलाय: इंग्लंडमधल्या एका खेड्यात राहणाऱ्या ताईंनी गावच्या चर्चची दोनशे वर्षांपूर्वीची छापील चित्रं जमवलीत आणि आईबाबांसाठी त्यांच्याखाली मराठी ओळी लिहायला घेतल्यात. एका चित्राखाली ‘साउथ ईस्ट व्ह्यू ऑफ द चर्च’ आहे, त्याचं त्यांनी ‘चर्चचे आग्नेय दिशेचे दृश्य’ केलं. आणि उजव्या कोपऱ्यात एका नावापुढे ‘स्कल्प.’ आहे, तिथे ‘शिल्पकार’ लिहिलं. चालेल का?

ताई, पहिलं थोडं घसरलंय, दुसरं चांगलंच घसरलंय.

‘आग्नेय दिशेचे दृश्य’ वाचलं की मला काय वाटतं सांगू, कोणीतरी चर्चच्या मनोऱ्यावर चढलंय आणि आग्नेयेला बघितल्यावर जी शेतंबितं दिसतात ती काढलीत. इंग्रजीत बरोबर उलटं आहे. चित्र काढणारा चर्चच्या आग्नेयेला कुठेतरी गवतात बसलाय आणि त्याचं तोंड वायव्येला, चर्चकडे आहे. मराठीत ‘कडे’, ‘कडचं’ आणि ‘कडून’ असे तीन शब्द आयते हाताशी असताना आपण ‘दिशेचे’ म्हणून गोंधळ का घालायचा? ‘आग्नेयेकडून दिसणारं चर्च’, झालं काम. नुसतंच ‘साउथ व्ह्यू’ असेल तर ‘चर्चची दक्षिण बाजू’ पण चालेल, फक्त दक्षिणमुखी मारुतीच्या चालीवर ‘दक्षिणमुखी चर्च’ करू नका, ते तिसरंच काहीतरी होईल.

आता कोणी म्हणेल, मग ‘नैऋत्य मोसमी वारे’ कसे चालतात, तेही नैऋत्येकडून येतात की! मान्य, मलाही हे आधी खटकलं होतं. पण वारा आपल्याकडे येतो म्हणून तो कुठून आला ते आपण सांगतो, आणि नजर आपल्याकडून जाते म्हणून ती कुठे गेली ते सांगतो, ‘पूर्वेकडचा डोंगर’, ‘समोरचं दृश्य’ वगैरे. इंग्रजी मथळ्यातला ‘व्ह्यू’ या बाबतीत वाऱ्यासारखा वागतो. गिल्बर्ट व्हाइट या निसर्गप्रेमी इंग्रज पाद्र्याच्या सेल्बोर्न गावावरच्या १७८९च्या पुस्तकात सॅम्युअल ग्रिम या स्विस चित्रकाराने काढलेलं गावाचं मोठं चित्र आहे, त्याच्या मथळ्यात ‘नॉर्थ ईस्ट व्ह्यू’ म्हणून पुढे ‘फ्रॉम द शॉर्ट लिथ’ असंही लिहिलंय. ही शॉर्ट लिथ म्हणजे गावाच्या ईशान्येची टेकडीची उतरण. म्हणजे दिशा बघणाऱ्याच्या जागेची, हे तिथे मथळ्यातच सांगून टाकलंय.

अशी चित्रं ढिगाने आहेत. जॉन बकलर या चित्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचे अभ्यासक सर रिचर्ड कोल्ट होअर यांच्यासाठी इंग्लंडमधल्या विल्टशायर परगण्यातली जवळजवळ सगळी चर्चेस काढली, त्यातही आग्नेयेकडून काढलेली खूप. कारण साधं आहे, तिकडे ऊन दक्षिणेकडून येतं, त्यामुळे ती भिंत उजळ दिसते, आणि बऱ्याच ठिकाणी आत जायचा पोर्चही त्याच बाजूला असतो.

दिशा नीट कळली की चित्र तपासताही येतं. इंग्लंडच्या जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला आणि मनोरा बहुतेक वेळा पश्चिमेला. (आपल्याकडे बऱ्याच देवळांत देव पूर्वेकडे बघतो आणि आपण पश्चिमेकडे तोंड करून हात जोडतो, इथे माणसंच पूर्वेकडे तोंड करून बसतात.) म्हणजे दक्षिणेकडून बघितलं तर मनोरा डाव्या हाताला यायला हवा. तुमच्या चित्रात तो उजवीकडे असेल आणि खाली ‘साउथ’ लिहिलं असेल, तर चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं गेलं असण्याची शक्यता आहे, अर्थात मनोरा भलतीकडे किंवा मधोमध असलेली चर्चेसही असतात, तेव्हा आधी जाऊन बघून या, तुमच्या तर घराजवळच आहे.

उलटं कसं छापलं जातं, तर इथेच तुमचा ‘शिल्पकार’ येतो. अशा चित्रामागे बहुतेक वेळा दोन माणसं असतात. डाव्या कोपऱ्यातलं ‘डेल.’ म्हणजे लॅटिन ‘डेलिनिआव्हिट’, याने रेखाटलं. उजवीकडचं ‘स्कल्प.’ म्हणजे ‘स्कल्प्सिट’, याने कोरलं. काय कोरलं, तर तांब्याचा पत्रा, पुतळा नव्हे! पत्र्यावरचं छापताना आरशासारखं उलटतं, म्हणून कोरणाऱ्याला सगळं आधीच उलटं कोरावं लागतं आणि त्याने आळस केला की चर्च फिरलंच. आपल्याकडे १८०५ साली मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवर कोरून गीता छापली, तिथे तर प्रत्येक अक्षर उलटं कोरणं आलं, कारण चर्च उलटं झालं तर खपून जाईल, श्लोक कसा खपणार. कोरणारा बऱ्याचदा शहरातल्या कारखान्यात बसलेला, त्याने ते चर्च पाहिलेलंही नसायचं, म्हणून खिडकीची नक्षी किंवा झाडं त्याच्या मनची असू शकतात. त्यामुळे दोन्ही नावं वेगळी ठेवा: ‘रेखाटन अमुक, पत्र्यावर कोरणारे तमुक’. ‘उत्कीर्णन’ हा कोशातला शब्द आहे पण आईबाबा तिथेच अडकतील.

आणि पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात डागडुजीच्या नावाखाली खूप चर्चेस बदलली, तेव्हा आजच्या फोटोशी जुळलं नाही म्हणून लगेच कोरणाऱ्याला दोष देऊ नका.

जाता जाता, ‘पॅरिश’साठी, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीसाठी, वसईकडचे कॅथलिक ‘धर्मग्राम’ म्हणतात, छान शब्द आहे. पण तुमच्या ओळीत मी सरळ ‘आमच्या गावचं चर्च, आग्नेयेकडून’ एवढंच लिहीन.