घरी साठ कलमं, परीक्षकांसमोर एकही धड नाही

“घरी हात अजिबात थरथरत नाही, तिथेच काय होतं मला?” कलम बांधण्याच्या प्रात्यक्षिक स्पर्धेत उतरणारी मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. बहुतेकांना उत्तरही आधीच मिळालेलं असतं: आत्मविश्वास कमी आहे, सराव वाढव. या उत्तराचा उपयोग किती, ते पुढच्या प्रकरणात दिसेल.

विद्यार्थिनी कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची, रत्नागिरी जिल्ह्यातली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) घरची हापूसची रोपवाटिका. आजोबांच्या मांडवात बसून ही पावसाळ्यात दिवसाला साठेक कोय कलमं बांधते, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपाला खाच पाडून त्यात चांगल्या झाडाची, पाचरीसारखी तासलेली काडी बसवते. महाविद्यालयाच्या निवड फेरीत बारा मिनिटांत तीन कलमं बांधायची होती, तीही बोलत बोलत, समजावून सांगत. पहिल्या काडीची पाचर वेडीवाकडी आली, दुसऱ्या रोपाची खाच फाटली, तिसऱ्या वेळी अंगठा कापला. समुपदेशनासाठी माझ्याकडे आली तेव्हा “मॅडम, माझ्यात ते नाहीच आहे,” हे तिचं पहिलं वाक्य.

हात थरथरण्याची तक्रार आली की आधी शरीराकडे बघावं. पेन धरताना, चहाचा कप उचलताना हात थरथरतो का? वजन घटलंय, छाती धडधडते? थायरॉइडचा त्रास किंवा दम्याचा पंप यानेही हात कापतात, आणि तिथे समुपदेशन नव्हे, डॉक्टर हवा. हिला यातलं काही नव्हतं.

मग बोलणं थांबवून तिला कलम बांधायलाच बसवलं. एकदा गप्प राहून, एकदा बोलत. गप्प असताना घरच्या चाकूने एका ओढीत काप, सफाईदार. बोलायला लागली की काप अर्ध्यावर असताना नजर वर जायची, समोरच्याच्या चेहऱ्याकडे. हात थबकायचा, पुन्हा ओढायची. एका पाचरीवर दोन उतार पडायचे. असा काप खाचेत बसत नाही. मधे पोकळी राहते, हवा शिरते, अंतरसालीला (सालीखालच्या वाढीच्या थराला) अंतरसाल भिडत नाही आणि काडी आठवड्याभरात काळी पडते. बिनसलेला काप दिसला की ती घाबरायची आणि मग हात थरथरायचा. म्हणजे क्रम उलटा होता. थरथरीने काप बिघडत नव्हता, बिघडलेल्या कापाने थरथर येत होती.

तरी एक गोष्ट जुळत नव्हती. गप्प राहूनही निवड फेरीतल्या चाकूने काप बाकदार येत होता. ती डावखुरी आहे, हे तोवर कुणी विचारातच घेतलं नव्हतं. कलमाच्या चाकूला धार बहुधा एकाच बाजूने लावलेली असते. सपाट बाजू लाकडाला लागली की काप सपाट येतो. उजव्या हाताचा चाकू डाव्या हातात गेला की धारेचा उतार लाकडाकडे येतो आणि पातं सरळ जात नाही. घरचा चाकू आजोबांनी तिच्या हाताप्रमाणे घासून दिलेला होता. निवड फेरीत मात्र महाविद्यालयाच्या अवजारांच्या पेटीतला. एवढ्या साध्या गोष्टीवर पोरीने तीन आठवडे स्वतःला नालायक ठरवलं होतं.

पुढच्या तयारीत नियम एकच ठेवला: चाकू लाकडात असताना तोंड बंद. काय करणार ते आधी एका वाक्यात सांगायचं, मग गप्प राहून काप घ्यायचा, चाकू खाली ठेवायचा, काप वर धरून दाखवायचा आणि तेव्हा कारण सांगायचं. मुलांना वाटतं, गप्प बसलं की गुण जातात. परीक्षक त्या पाच सेकंदांत हाताकडेच बघत असतात.

क्रम तिने असा बसवला. तांबूस पालवीचं, दहा ते पंधरा दिवसांचं रोप कोयीसकट अलगद उचलायचं. कोय निसटली तर ते रोप बाजूला, कारण कलमाची शिदोरी तीच. रोप आणि काडी बुरशीनाशकात बुडवायची, लिटरला १ ग्रॅम कार्बेन्डाझिम, पाच मिनिटं, हातमोजे घालून. कोयीपासून ६ ते ८ सें.मी.वर शेंडा छाटून मधोमध ४ सें.मी.ची खाच. काडी १० ते १५ सें.मी. लांब, तीन-चार महिन्यांची, टोकाचा डोळा (कोंब) फुगलेला पण न फुटलेला. तिची पानं आठ-दहा दिवस आधी देठ ठेवून कापलेली. पाचरही ४ सें.मी.ची, दोन्ही बाजूंनी सारखी. आखूड झाली तर खाचेच्या तळाशी फट राहते. काडी रोपापेक्षा बारीक असेल तर मधोमध बसवू नये, एका कडेची साल सालीला जुळवावी. बांधायची प्लास्टिकची पट्टी दीड सें.मी. रुंद, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवत, म्हणजे पाणी आत उतरत नाही. एका कापानंतर चीक पात्यावर राहतो, पुढचा काप त्यानेच अडखळतो. स्पिरिटचा बोळा उजवीकडे, म्हणजे तिच्या रिकाम्या हाताशी ठेवला.

हाताची बैठकही बदलली. कोपर बरगडीला टेकलेलं, मनगट ताठ, ओढ खांद्यातून. मनगटाने कापणाऱ्याची थरथर पात्यात उतरते, खांद्याने ओढणाऱ्याची फारशी उतरत नाही. काप घेण्याआधी एक लांब श्वास सोडायचा. घेण्यापेक्षा सोडण्यावर लक्ष. सकाळचा दुसरा चहा बंद.

सरावाच्या पायऱ्या चढत्या भीतीच्या होत्या: आधी चाकूशिवाय नुसतं बोलणं, मग नुसतं बांधणं, मग दोन्ही एका मैत्रिणीसमोर, मग तीन अनोळखी वरच्या वर्गातल्यांसमोर. शेवटी त्यातल्या एकाने मधेच प्रश्न विचारायचा. तिने चाकू खाली ठेवून “हा काप झाला की सांगते” म्हणायचं. हे वाक्य तिला सगळ्यात जड गेलं. मोठ्यांना थांबवायचं म्हणजे उद्धटपणा, असं घरचं वळण. चाकू हातात असताना थांबवणं हा सुरक्षिततेचा भाग आहे, हे तिच्या आजोबांनीच सांगितलं तेव्हा कुठे पटलं.

वेळेचं गणित मुलं विसरतात. आंब्याची कोय फार दिवस टिकत नाही. फळातून काढल्यावर लवकर रुजत घालावी लागते, पाण्यात तरंगणारी टाकून द्यावी लागते. स्पर्धा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होती. तिने शेवटच्या आंब्यांच्या कोयी चार-चार दिवसांच्या अंतराने तीन वेळा घातल्या, म्हणजे त्या दिवशी कुठली तरी तुकडी नेमक्या वयाची असेलच. तीन कलमांसाठी सहा रोपं नेली. काड्या ओल्या फडक्यात, वरून प्लास्टिक.

स्पर्धेत पहिल्याच रोपाची खाच तिरकी गेली. तिने ते परीक्षकांना दाखवलं, का गेली ते सांगितलं, बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं. क्रमांक तिसरा आला. बोलण्याचे गुण अजून कमीच होते, आणि त्याबद्दल तिची फारशी तक्रार नव्हती. तक्रार चाकूची होती, आणि ती तिने विभागाकडे लेखी दिली. आता पेटीत डाव्या हाताचा एक चाकू आहे. उजव्या हाताच्या कुणी चुकून उचलू नये म्हणून त्याच्या मुठीला तिने कलमाचीच पट्टी गुंडाळली आहे, खालून वर.