मास्कमध्ये पाणी, वाळूत तंबू

प्रश्न : पाठीवर सॅक घेऊन उष्ण कटिबंधातल्या बेटांवर फिरणार आहे. स्नॉर्केलिंगचा (नळीने श्वास घेत, पाण्यावर तरंगत खाली पाहण्याचा) स्वस्त मास्क घेतला. तलावात घालून पाहिला तर काचेवर वाफ धरते, पाणीही शिरतं. आणि वाळूत तंबूच्या खुंट्या टिकतात का?

उत्तर : मास्क टाकू नका. नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर राहतो, त्यावर वाफ धरते. पांढरी टूथपेस्ट (जेल नको) आतून बोटाने दोन मिनिटं चोळा, धुवा, असं तीनदा. काच प्लॅस्टिकची असेल तर हे करू नका, चरे पडतील. पुढे दर वेळी उतरण्याआधी बेबी शाम्पूचा एक थेंब फिरवून हलकेच विसळा.

आता गळती. पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने श्वास आत ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. मग दोष बहुतेक कडेखाली अडकलेल्या केसांचा किंवा मिशीचा. गळतंय म्हणून पट्टा आवळला की सिलिकॉनची कड दुमडते आणि आणखी गळतं!

मऊ वाळूत साध्या खुंट्या वाऱ्याने उपटतात. त्याऐवजी कापडी पिशवीत वाळू भरा, ताणदोरी तिला बांधा, हातभर खोल पुरून वरची वाळू पायाने दाबा. सुकलेल्या शेवाळाची रेघ म्हणजे अलीकडच्या भरतीची खूण. अमावास्या-पौर्णिमेला पाणी त्याहून वर चढतं, तेव्हा तंबू बराच वर लावा. नारळाखाली मात्र कधीच नको.

आणि दमलात तरी प्रवाळावर उभं राहू नका, तो जिवंत असतो. पाठीवर तरंगा.