‘जमत नाही’ हे ऐकून घेताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री फोनवर तुझा आवाज इतका बारीक होता की मला वाटलं, तुझ्याच घरी काही झालं. मग कळलं, पाच आठवड्यांपूर्वी दत्तक म्हणून घरी गेलेल्या, तुझ्या देखरेखीखालच्या सात वर्षांच्या मुलीचं होतं, आणि ‘ते’ म्हणजे तिचे नवे आईवडील. ‘ताई, ते म्हणतायत उद्या येऊन घेऊन जा तिला.’ मी एवढंच म्हटलं की उद्या कुणी कुणाला घेऊन जाणार नाही, आणि तू आधी जेवून घे. बाकीचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

तू त्यांची फाइल वाचून दाखवलीस. होम स्टडी (दत्तक देण्याआधीची घरची तपासणी) उत्तम, उत्पन्न ठीक, मेडिकल स्वच्छ, ओळखीच्यांची पत्रं जोडलेली. मला त्यात एकच आकडा बोलका वाटला: नवराबायकोच्या वयाची बेरीज ९५. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ही बेरीज ८५ च्या वर चालत नाही, चार वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ९० च्या वर, आठपर्यंत १०० च्या वर. म्हणजे सात वर्षांची मुलगी ‘निवडली’ असं आपण कागदावर लिहितो. खरं तर पाळण्याची वाट बंद झाल्यावर ते तिच्यापर्यंत आले. त्यात वाईट काही नाही. पण जे बाळ आलंच नाही त्याचं दुःख अजून त्या घरात आहे, आणि ही मुलगी नेमकी त्याच्या जागेवर बसून पोळी मागते आहे. होम स्टडीच्या वेळी आपण पासबुक बघतो, सात-बारा बघतो. हे विचारत नाही. मीही कितीतरी वर्षं विचारलं नव्हतं.

आता मुलीच्या बाजूने बघ. झारखंडच्या शिशुगृहात चार वर्षं काढलेली पोर. बोलते ती सादरी, म्हणजे तिकडची बोली, आणि मोडकं हिंदी. घरात सगळे मराठी. तिला ‘पोट दुखतंय’ हेसुद्धा धड सांगता येत नाही. आणि त्यांनी तिला काय दिलं, तर स्वतंत्र गुलाबी खोली. किती प्रेमाने रंगवली असेल! पण संस्थेत ओळीने खाटा असतात. तिथे एकट्याने निजवतात ते तापाने फणफणलेल्या मुलाला. ती रात्री ओरडते ते हट्टाने नव्हे. गादीखाली पोळ्या सापडल्या म्हणून आई हादरली, त्यांना ती चोरी वाटली. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसलेलं मूल दुसरं काय करणार? तिच्या उशाशी रात्री एक डबा ठेवायला सांग, दोन बिस्किटं, एक केळं. काही महिन्यांनी तो डबा सकाळी भरलेलाच मिळायला लागतो. मी हे पुष्कळ घरांत पाहिलं आहे.

पहिले पंधरा दिवस ती फार गुणी होती, असं तू म्हणालीस. नव्याचे नऊ दिवस दोन्हीकडून असतात. हात जोडून ‘जी’ म्हणणारं मूल घरात पाहुणं म्हणून राहत असतं. तू तेव्हा नोंदवहीत काय लिहिलंस ते मला माहीत आहे, कारण ती ओळ माझीच आहे आणि मी तुला ती शिकवली: ‘समायोजन समाधानकारक.’

त्या ओळीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका घरी आम्ही नऊ वर्षांचा मुलगा दिला होता. मी आठ-दहा वेळा गेले असेन. दर वेळी घर लख्ख, मुलाचे केस तेल लावून चापून बसवलेले, आणि माझ्यासाठी शिरा. मी वीस मिनिटं बसायची आणि तीच ओळ लिहायची. अकराव्या महिन्यात वडील त्याला घेऊन संस्थेच्या दारात उभे राहिले. तेव्हा दत्तकाचे आदेश कोर्टातून यायचे आणि वेळ लागायचा. त्यांचा अजून आला नव्हता. (आता सप्टेंबर २०२२ पासून हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे.) नंतर मी त्या घरच्या बाईंना विचारलं की तिसऱ्या महिन्यातच का सांगितलं नाहीत. त्या म्हणाल्या, ‘तुम्हीच आम्हाला पास केलं होतं. तुमच्यासमोर नापास कसं व्हायचं?’

आपल्या कामातली मोठी अडचण हीच आहे, आणि कुठल्या प्रशिक्षणात मला ती कुणी सांगितली नाही. ज्या बाईने तपासणी केली तिलाच मदतनीस म्हणून पाठवतात. लोक तिच्यापुढे घर आवरून बसणारच. मग मदत पोचते तेव्हा बॅग भरलेली असते. तुझ्या या कुटुंबाने पाचव्या आठवड्यात फोन केला, रात्री साडेनऊला, रडत. तुला तो पराभव वाटला. मला तो तुझ्या कामाचा पुरावा वाटतो. माझ्या कुटुंबाने मला तो फोन कधीच केला नाही.

तेव्हा उद्या जाशील ती फाइल न घेता जा. नियमाप्रमाणे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी अहवाल, हे कमीत कमी आहे. आठव्या दिवशी जायला तुला कुणी अडवलेलं नाही. आईबरोबर स्वयंपाकघरात बस, वडिलांशी वेगळं बोल, गच्चीवर किंवा चहाच्या टपरीवर. ‘तुम्ही किती पुण्याचं काम करताय’ असं चुकूनही म्हणू नकोस. त्या वाक्याने माणसाचं तोंड शिवलं जातं. विचार की शेवटची सलग झोप कधी झाली. विचार की तिचा राग येतो का. येतो म्हणाल्या तर मान डोलाव आणि गप्प बस.

त्या बाईंची मला मुलीइतकीच काळजी वाटते. बाळंतीण झाली की बाईला सव्वा महिना कुणी उठू देत नाही. डिंकाचे लाडू येतात, बाळंतविडा येतो, आई येऊन राहते. दत्तक आईला पेढे वाटायला लावतात आणि सोमवारी कामावर पाठवतात. बाळंतपणानंतर जशी उदासी येते तशी दत्तक घेतल्यावरही येते, ती ओळखीची गोष्ट आहे. माया आतून उमटत नाही, मग आपण वाईट आहोत असं वाटतं, आणि ते बोलायला जागा नसते. त्यांच्या बहिणीला पंधरा दिवस बोलावून घे. मात्र बहिणीने घरकाम उचलायचं, मुलगी नाही. पोळ्या मावशीने लाटाव्यात, भरवावं आईने. बहुतेक घरांत मदत म्हणून नेमकं उलटं होतं आणि मूल मावशीला चिकटतं. उदासी जास्त वाटली तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे तू स्वतः बरोबर जा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवून ये. मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालतो, मराठीत बोलतात.

मुलीसाठी सगळ्यात आधी शिशुगृहातल्या त्या दीदीला व्हिडिओ कॉल लाव, जिने तिला चार वर्षं आंघोळ घातली. संस्थांना याची धास्ती असते, ‘जुनं आठवलं की रडेल.’ रडू दे की. आज ती चावते ते न रडल्यामुळे. तिच्या लेखी ती दीदी एका रात्रीत नाहीशी झाली आहे. जिवंत आहे, ओळखते आणि ‘इथे राहा, चांगली माणसं आहेत’ असं म्हणते, हे तिला तिच्या भाषेत ऐकू दे. आणि सादरी बोलणारं माणूस शोध. तुझ्या शहरात झारखंडच्या नर्स असतील, बांधकामावर कुटुंबं असतील. आठवड्यातून तासभर जरी कुणी तिच्याशी बोललं, तरी पोटात काय चाललंय ते कळेल.

मग कान, डोळे, हिमोग्लोबिन, जंत. हसू नकोस. ‘सांगितलेलं ऐकत नाही, मुद्दाम करते’ म्हणून परत द्यायला निघालेल्या एका मुलाच्या कानात पाणी साठलेलं निघालं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अठरा वर्षांपर्यंत तपासणी होते. जिल्हा रुग्णालयात विचार. वागण्याचं पुढे काही निघालं तर मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ लागतील, तेव्हा पुणे-मुंबईला पाठवू. पण पाचव्या आठवड्यात तिच्यावर एखाद्या आजाराचं नाव चिकटवायची घाई करणारा डॉक्टर मला नको आहे. शाळेचीही घाई नको. जून कुठे पळून जात नाही.

समुपदेशन ही आपण कुणावर केलेली मेहेरबानी नव्हे, हे कुटुंबाला स्पष्ट सांग. मुलाचं जमत नसेल तर संस्थेने किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाने समुपदेशनाची सोय करायची, असं नियमावलीतच आहे. बाल संरक्षण कक्षाला आजच ईमेल टाक. फोनवर सगळे हो म्हणतात.

आणि या सगळ्यापेक्षा गुणकारी म्हणजे दुसरे दत्तक पालक. ज्यांनी मोठं मूल घरी आणलं आणि ज्यांचं पहिलं वर्ष वाईट गेलं, असे. मंचावर बोलणारं आनंदी जोडपं नको. माझ्या ओळखीच्या एका बाई आहेत, त्या सरळ सांगतात, ‘मी सहा महिने बाथरूममध्ये जाऊन रडायचे.’ त्यांना मी विचारलं आहे, त्या फोन करायला तयार आहेत. त्यांच्या अर्ध्या तासात जे होईल ते तुझ्यामाझ्या दहा भेटींत होणार नाही.

मारहाणीचं मात्र वेगळं. मुलीच्या अंगावर वळ दिसले तर त्याला समायोजन म्हणायचं नाही. तो बाल कल्याण समितीचा विषय, आणि रात्र असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८. ओळखीमुळे तू थांबलीस तर मी तुझी बाजू घेणार नाही.

आता ‘परत’ या शब्दाकडे येते. तो शब्द वापरला म्हणून त्यांना लाज आणू नकोस, पण तो किती जड आहे ते कळू दे. आज मुलगी प्री-अडॉप्शन फॉस्टर केअरमध्ये आहे, म्हणजे दत्तकाच्या आदेशाआधी त्यांच्याकडे सांभाळायला दिलेली; अंतिम आदेश व्हायचा आहे. इथे थांबलं तर ती आपल्या संस्थेमार्फत व्यवस्थेत परत येते आणि तिच्यासाठी पुन्हा घर शोधता येतं. आदेश झाल्यावर थांबायचं तर दत्तक रद्द करण्याची रीतसर प्रक्रिया लागते, जिल्हाधिकाऱ्यांसमोर. आणि ज्यांनी १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तकविधान केलं असेल त्यांना ती वाटही नाही. त्या कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वैध दत्तक पालकांना रद्द करता येत नाही. हे धाक दाखवायला सांगू नकोस, त्यांचं आत्ताचं उत्तर किती मोकळं आहे हे कळायला सांग.

मला भीती तिसऱ्याच वाटेची वाटते. ‘गावाकडे चुलत बहिणीला मूल नाही, स्टँप पेपर करून तिच्याकडे ठेवू.’ हे कुणी ना कुणी सुचवतंच. बाल न्याय कायद्याच्या कलम ८० खाली तो गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. तसंच ते हॉस्टेल. ‘शिस्त लागेल’ म्हणत पहिल्याच वर्षी हॉस्टेलला टाकणं म्हणजे अर्ज न करता परत करणं.

प्रत्येक घर वाचवलंच पाहिजे, या मताची मी नाही. पूर्वी होते. रोज नकोसं वाटणारं मूल होऊन वाढण्यापेक्षा परत येणं कमी वाईट असतं, आणि ‘आम्हाला खरंच जमणार नाही’ म्हणणारं जोडपं खोटारड्या जोडप्यापेक्षा बरं. पण तसं ठरलंच, तर येणं कसं होतं ते तुझ्या हातात आहे. तिला तिच्या भाषेत, मोठ्या माणसांनी स्वतः सांगायचं की हे आम्हाला जमलं नाही, तुझी चूक नाही. तिचे कपडे, तिची बाहुली, तिथले फोटो तिच्याबरोबर यायचे. निरोप घ्यायचा. माझ्या त्या मुलाला ‘प्राणीसंग्रहालय बघायला जाऊ’ म्हणून आणलं होतं. तो महिनाभर पायात बूट घालून झोपायचा, कारण कुणीतरी येऊन प्राणीसंग्रहालयाला नेणार होतं. मी रात्री बूट काढायला गेले की पाय आखडून घ्यायचा.

उद्यासाठी एवढंच. दीदीचा नंबर शिशुगृहाच्या अधीक्षकांकडून सकाळी दहाच्या आत मिळव, नंतर ते मीटिंगला जातात. डबा विकत घ्यायला सांगू नकोस, स्टीलचा झाकणाचा माझ्याकडे आहे, येताना घेऊन जा. आणि संध्याकाळी मला फोन कर, पण सातनंतर. त्याआधी मी गुडघ्याच्या व्यायामाला असते.

तुझी,
ताई